रिकामं दावं

वासरू गेल्यावर इतकं रडू येणं हा दुबळेपणा आहे का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. दोन-चारच जनावरं असली की प्रत्येकीची खोड ठाऊक असते. अशा गोठ्यात एक दावं रिकामं झालं तरी ते रोज डोळ्यांत सलतं.

माझी पहिली कालवड पोटफुगीने गेली. डावी कूस ढोलासारखी ताणलेली, डॉक्टर येईपर्यंत ती आडवी झाली. नंतर कितीतरी दिवस मी तिच्या वाटची बादली भरत होतो. पोटफुगीत वायूचा दाब इतका वाढतो की फुप्फुसांना जागाच उरत नाही, कधी कधी तासा-दोन तासांत सगळं संपतं. हे कळल्यावर स्वतःला बोल लावणं जरा कमी झालं.

गाईकडेही बघा. ती हंबरते, शोधते, पान्हा चोरते, म्हणजे दूध अडवून धरते. धार काढायची तीच वेळ, तोच हात ठेवा. कास हलकेच चोळा, पण दूध तुंबू देऊ नका, कासदाहाची, म्हणजे कास सुजण्याची भीती असते. मला त्या कामानेच सावरलं. तिच्या कुशीला डोकं टेकून धार काढताना रडून घ्यायचो, ती हलायची नाही.

पुढच्या वासराला नावच देऊ नका, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय, तो मात्र पटला नाही. नाव न देताही जीव लागतोच. आणि जीव लागलेला असला की त्याचं रवंथ थांबलेलं आपल्याला आधी कळतं. मी अजूनही नाव देतो, पहिल्या दोन तासांत चीक, म्हणजे गाईचं व्यायल्यावरचं पहिलं दूध, पाजतानाच.