मदत हवी आहे: मक्यानंतर हरभरा पेरावा का? अ‍ॅट्राझिन तणनाशकाची शंका

अडीच एकर भारी काळी जमीन. माती परीक्षणात सामू 8.3, सेंद्रिय कर्ब 0.4 टक्के. जूनमध्ये मका पेरल्यावर दुसऱ्या दिवशी अ‍ॅट्राझिन 50 टक्के पावडर, एकरी 800 ग्रॅम फवारली. पुढे पावसाने मोठी उघडीप दिली, जमीन भेगाळली. मका आत्ताच काढला. अशा विम्लधर्मी (अल्कली) जमिनीत हे औषध मुळात सावकाश विरतं, त्यात ओल नाही म्हणजे जिवाणूंचं कामही थंडावलेलं, म्हणून मातीत उरलेलं औषध हरभऱ्याला बाधेल ही धास्ती.

करून पाहिलं ते असं: वरची चार बोटं माती शेतातून आणि तेवढीच न फवारलेल्या बांधाकडून घेऊन डब्यांत हरभरा टोकला. उगवण दोन्हीकडे सारखी. पण बाराव्या दिवशी शेताच्या मातीतल्या रोपांची खालची पानं कडेने पिवळी पडून करपली. बांधाची रोपं हिरवीगार. सर्वांत वाईट डबा धुऱ्याजवळचा, जिथे पंप वळवताना दुबार फवारा बसतो.

ज्वारी चालेल हे माहीत आहे, पण आता उशीर झालाय आणि रानडुकरं ठेवत नाहीत. गव्हाला पाणी पुरणार नाही, विहिरीत दोनच पाळ्यांपुरतं आहे. शेणखत एक ट्रॉली आहे, तेवढ्याने काय होणार म्हणा.

एक पाणी देऊन वीस दिवस थांबलो तर या थंडीत औषध पुरेसं विरेल का? की खोल नांगरून वरची माती खाली घातलेली बरी? अशाच जमिनीत कुणी मक्यावर हरभरा घेतला असेल तर फवारणीनंतर किती दिवसांनी पेरला होता?