३ मांजरं, २ फेरेट आणि कपाटावरून खाली न उतरणारी ठमी

कपाटाखालची_आई

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, वाचा प्लीज. घरात ३ मांजरं आहेत, ठमी १२ वर्षांची आणि काळू-सोन्या हे दोन बोके ३ वर्षांचे, तिघांची नसबंदीची ऑपरेशनं झालेली आहेत. दोन महिन्यांपूर्वी दोन फेरेट (मुंगसासारखे दिसणारे लांबट पाळीव प्राणी) आले, बंड्या (नर) आणि पिंगी (मादी), दोघं साधारण वर्षाचे. ज्यांच्याकडे होते त्यांना अचानक लांब जावं लागलं म्हणून मी ठेवून घेतले.

बोक्यांचं आणि त्यांचं आठवड्यात जमलं, चौघं घरभर धुडगूस घालतात. प्रश्न ठमीचा आहे. ती दिसली रे दिसली की बंड्या पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून, आडव्यातिडव्या उड्या मारत कुक कुक कुक करत तिच्या अंगावर जातो आणि मानगूट धरून ओढायला बघतो. ती फिस्कारते, पंजा मारते, त्याला काही फरक पडत नाही, दोन मिनिटांत परत हजर. आता ती दिवसभर कपाटावर असते आणि गेले १५ दिवस गादीवर नाहीतर धुवायच्या कपड्यांवर शू करतेय. लिटर बॉक्स दोन आहेत, बाथरूममध्ये शेजारी शेजारी, मी रोज साफ करते.

काल रात्री तिच्या मानेवरचे केस बाजूला केले तर दोन बारीक खपल्या दिसल्या. रडूच आलं मला. घरचे म्हणतात फेरेट देऊन टाक. पण त्यांचं एकदा घर सुटलंय, परत सुटू द्यायचं मन होत नाही. काय करू?

पाच_शेपट्या

ताई, माझ्याकडे ९ वर्षं झाली मांजरं आणि फेरेट एकत्र आहेत, त्यामुळे मोठं लिहितेय.

आधी खपल्या. मांजराची कातडी वरून लगेच मिटते आणि आत पू होतो, त्यामुळे खपली छोटी दिसली तरी बोटाने हळूच दाबून बघा, गरम किंवा फुगीर लागली तर थांबू नका. तसंही ठमीला व्हेटकडे न्यायचंच आहे, कारण १२ वर्षांची मांजर अचानक बाहेर शू करायला लागली तर ते रुसलीय म्हणून असं धरून चालायचं नाही, किडनी, डायबेटिस, लघवीचं इन्फेक्शन, सांधेदुखी काहीही असू शकतं. युरिन आणि ब्लड टेस्ट करून घ्या. बोक्यांवरही लक्ष ठेवा, घरात ताण असला की बोक्याची शू तुंबू शकते, तो बॉक्समध्ये बसून नुसता जोर देतोय आणि थेंबही येत नाहीये असं दिसलं तर रात्र असली तरी तसंच उचलून न्यायचं.

आता बंड्या. तो भांडत नाहीये हो. कमान, उड्या, कुक कुक हे फेरेटचं "चल खेळू" असतं. त्यांची कातडी जाड असते, एकमेकांना मानगुटीला धरून फरफटवणं हाच त्यांचा खेळ, तो तेच ठमीशी करतोय. पण मांजराच्या भाषेत पाठीची कमान म्हणजे धमकी आणि मान धरली म्हणजे हल्ला. ती कान मागे पाडते, शेपटी आपटते, आपल्याला कळतं की आता पुरे, त्याला नाही कळत. बोके तरुण आहेत, ते उलटून मस्ती करतात म्हणून त्यांचं जमलं. त्याला ओरडू नका, त्यातून तो काही शिकणार नाही.

मला खरी अडचण बाथरूममध्ये वाटतेय. शेजारी शेजारी ठेवलेले दोन बॉक्स मांजराच्या लेखी एकच, आणि दार एकच. ठमी आत गेली की बाहेर पडायला दुसरी वाट नाही. एकदा दारात बंड्याने धरलं असेल तर ती परत तिथे पाऊल टाकणार नाही, माझ्या म्हाताऱ्या भाटीने हेच केलं होतं. ३ मांजरांना ४ बॉक्स, वेगवेगळ्या जागी, आणि त्यातला एक बंड्या पोचणारच नाही अशा खोलीत.

म्हणजे ठमीला एक खोली द्या, दार बंद, आत बॉक्स, पाणी, तिचं अंथरूण. कपाटावर चढायला मधे स्टूल ठेवा, ह्या वयात ती उडी सांध्यांना सोसत नाही. फेरेट दिवसातले १४ ते १८ तास झोपतात, त्यामुळे पाळ्या लावणं वाटतं तेवढं अवघड नाही. ते पिंजऱ्यात झोपले की ठमी बाहेर, ते बाहेर असले की ठमी खोलीत. त्यांना रोज निदान ४ तास मोकळं मिळू दे. दोन-तीन आठवडे नुसती अंथरुणं अदलाबदल करा, वासाची सवय होऊ दे, मग बंड्याला दमवून, हार्नेस घालून पाच मिनिटं एका खोलीत. ठमीला निघून जाता यायला हवं, तिला धरून त्याच्यासमोर बसवायचं नाही.

निवांत_बोका

वरचं सगळं पटतं, फक्त एक वेगळं मत. १२ वर्षांच्या मांजरीला आता मैत्री करायला लावायचीच कशाला? माझ्याकडे आमच्या म्हाताऱ्या मांजरीची आणि फेरेटची शेवटपर्यंत भेट होऊ दिली नाही, मधलं दार कायम बंद. ती पुन्हा पलंगावर पाय ताणून झोपायला लागली हे मला पुरेसं होतं.

आणि मांजरांची खेळणी तपासा!! आमच्या फेरेटने मांजराच्या फोमच्या बॉलचे लचके तोडून गिळले होते. दोन दिवस खाणं बंद, दात करकर चावायचा, तोंडाला पंजे घासायचा, शेवटी पोट उघडून काढावं लागलं, नखाएवढा तुकडा होता तो. रबर, फोम, इअरबड्स काही खाली ठेवू नका.

कपाटाखालची_आई

दोघांचेही खूप आभार. आज मुद्दाम बाथरूमबाहेर बसून राहिले. ठमी कपाटावरून उतरली, भिंतीला घासत दारापर्यंत आली, आत वाकून बघितलं आणि मागे फिरली. टोपलीमागून बंड्याचं नाक दिसत होतं. तो तिथेच दबा धरून बसतो!! इतके दिवस मला हे दिसलं नाही याचं फार वाईट वाटतंय. आतली खोली तिला दिलीय, बॉक्स ठेवल्यावर अर्ध्या तासात तिने वापरला. टेस्ट पण करतेय. दार कायम बंद ठेवायचं की नाही ते तिच्याकडे बघून ठरवेन.

अजून एक, फेरेट मांजरांचंच खाणं खातात, चालतं ना? आणि पिंगी हल्ली जरा मलूल वाटतेय, खेळायला कमी येते. नव्या घराचं असेल का?

पाच_शेपट्या

खाण्याचं थोडक्यात सांगते. ते पूर्ण मांसाहारी, आतडं आखूड, खाल्लेलं ३-४ तासांत बाहेर पडतं म्हणून दिवसभर थोडं थोडं लागतं. फेरेटचं खाणं मिळालं तर उत्तम, नाहीतर मांस भरपूर असलेलं किटन फूड, निदान ३५ टक्के प्रोटीन. मोठ्या मांजरांचं साधं खाणं कमी पडतं. आणि बोक्यांना फेरेटच्या वाटीपासून लांब ठेवा, फुगतील.

पण ताई, पिंगीचं ऑपरेशन झालंय का? तुम्ही मांजरांचं लिहिलंय, फेरेटचं नाही. फेरेटची मादी माजावर आली आणि नराशी संग झाला नाही तर ती आपोआप माजातून बाहेर येत नाही. महिनाभर तसंच चाललं की हार्मोनमुळे हाडांच्या मगजात रक्त तयार होणं थांबायला लागतं आणि त्यात जीव जातो. शेपटीखाली शूची जागा सुजलीय का बघा, हिरड्या पांढुरक्या झाल्यात का बघा. आत्ता बघा.

कपाटाखालची_आई

बघितलं. सुजलीय, वाटाण्यापेक्षा मोठी. हिरड्या फिकट गुलाबी वाटतात, बंड्याच्या शेजारी धरून बघितल्या तर त्याच्यापेक्षा नक्कीच फिकट. आधीच्या मालकांना फोन केला, दोघांचंही ऑपरेशन झालेलं नाही. म्हणजे बंड्यापासून गाभण असायचीही शक्यता आहे का? ते दोघं एकत्रच झोपतात.

पाच_शेपट्या

असू शकते, पण नराशी संग झाला असता तर सूज आठवडा-दोन आठवड्यांत उतरू लागायला हवी होती, त्यामुळे ते गृहीत धरून थांबू नका. आजच न्या. फेरेट बघणारा व्हेट आहे का हे आधी फोनवर विचारा. रक्ताची तपासणी आधी होईल, मग माज उतरवायचं इंजेक्शन की लगेच ऑपरेशन हे ते ठरवतील. ऑपरेशनऐवजी कातडीखाली बसवायच्या हार्मोन इम्प्लांटचंही विचारून घ्या, ऑपरेशन केलेल्या फेरेटना पुढे अ‍ॅड्रिनलचा (किडनीजवळच्या ग्रंथीचा) आजार होऊ शकतो म्हणून बरेच व्हेट त्याकडे वळलेत. बंड्यालाही तेव्हाच दाखवा, माजावरचा नर जास्त आक्रमक असतो, ठमीच्या मानगुटीचं निम्मं कारण तेही असेल.

कपाटाखालची_आई

संध्याकाळी ६ची वेळ मिळालीय. दोघांना एकाच कॅरियरमधून नेतेय, ती त्याच्याशिवाय घाबरते. आल्यावर लिहिते.