मदत हवी आहे : दोघांचा पगार चांगला आहे, पण घर महिन्याला नेमकं किती खातं ते कळत नाही

नमस्कार मंडळी,

हिशोबाच्या बाबतीत इथे बरीच अनुभवी माणसं आहेत, म्हणून आकडे न लपवता लिहिते. राहायला पुण्यात, भाड्याच्या घरात. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, मुलगी सिनिअर केजीत. सगळी कापाकापी होऊन माझ्या हातात १,१०,००० येतात, नवऱ्याच्या ७२,०००. म्हणजे दरमहा १,८२,०००. मार्चमध्ये दोघांचा मिळून बोनस साधारण १,४०,०००.

ठरलेला खर्च असा : घरभाडं २८,०००, गाडीचा हप्ता १३,४००, साताऱ्याला सासूसासऱ्यांना १२,०००, स्वयंपाकाच्या मावशी आणि धुणीभांडी मिळून ८,५००, शाळेची व्हॅन २,५००, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम) १५,०००. किराणा, दूध, भाजी, फळं २२,००० च्या आसपास. पेट्रोल, वीज, गॅस, नेट, मोबाइल धरून १२,०००. इथवर सगळं तोंडपाठ आहे. पण याची बेरीज १,१३,४०० च होते. उरलेले ६८,६०० कुठे जातात ते मला सांगता येत नाही. खात्यात कधी दहा हजार वाढलेले दिसतात, कधी पंधरा, आणि शाळेच्या फीचा हप्ता आला की तेही साफ.

वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळे लिहिते : फी १,१०,००० (दोन हप्त्यांत), मेडिक्लेम ३२,०००, दोघांच्या टर्म इन्शुरन्सचे २४,०००, गाडीचा विमा १६,०००, सर्व्हिसिंग १२,०००, दिवाळी ४०,०००, मे महिन्यातली सहल ७०,०००.

आता हे सगळं का विचारतेय ते सांगते. मुलगी तिसरीत जाईपर्यंत स्वतःचं घर घ्यायचंय. आमच्या भागात ८० लाखांच्या आतबाहेर रीसेलचा टू बीएचके मिळतो. बँक ८० टक्के देईल असं धरलं तरी १६ लाख आपले. मुद्रांक शुल्क, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५,६०,०००, आणि नोंदणी फी ३०,०००. हे कर्जात बसत नाही, रोख लागतं. (फक्त माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, पण आम्हाला दोघांच्या नावावर हवंय.) एकूण २२ लाख. तीन वर्षांनी भागलं तर महिन्याला ६१,००० बाजूला पडायला हवेत, आणि सध्या पडतात एसआयपीचे १५,०००. बँकेत चार लाखांची एफडी आहे, ती आजारपणासाठी. तिला हात लावायचा नाही हे आमचं पक्कं ठरलंय.

खर्च लिहून ठेवायचे बरेच प्रकार करून पाहिले. एसएमएस वाचणारं एक अ‍ॅप घेतलं. त्यात मी नवऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे खर्च म्हणून धरले जातात. क्रेडिट कार्डावरची खरेदी एकदा मोजली जाते आणि कार्डाचं बिल भरलं की तीच रक्कम पुन्हा. यूपीआय लाइटने (आधी थोडे पैसे भरून ठेवायचे आणि पिन न टाकता द्यायचे, ते) दिलेले चहा-रिक्षा-कोथिंबिरीचे पैसे तर कुठेच दिसत नाहीत, कारण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एक नोंद येते.

बरं, हाताने लिहायचं तर स्टेटमेंट समोर घेऊनही उलगडा होत नाही. भाजीच्या गाडीवरचा क्यूआर कोड गाडीवाल्याच्या मुलाच्या नावावर, इस्त्रीवाल्यांचा त्यांच्या पत्नीच्या नावावर. महिनाअखेरीला १८६ रुपये कुणा अनोळखी नावाला गेलेले दिसतात. ती मेथी होती, इस्त्री होती की मुलीच्या प्रोजेक्टचा क्रेप पेपर, कसं आठवणार? डीमार्टच्या ४,२०० च्या एका बिलात तूरडाळ असते, मुलीचे सँडल असतात आणि कुणाच्या तरी बारशाला द्यायची भेटही असते. ते किराण्यात धरायचं का?

माझे प्रश्न असे आहेत. कार्डावरचा खर्च खरेदीच्या महिन्यात धरायचा की बिल भरलं त्या महिन्यात? वार्षिक खर्चांचं काय करायचं? लहान यूपीआय व्यवहार किती बारकाईने लिहायचे? आणि सगळ्यात अवघड, नवऱ्याला यात कसं घ्यायचं? तो अजिबात उधळ्या नाही. पण रोज रात्री “आज किती गेले?” असं विचारलं की घरातलं वातावरण बिघडतं, आणि तसं मला मुळीच नको आहे. हे घर आम्हाला दोघांना हवंय.

ज्यांनी खरोखर वर्षभर हिशोब ठेवलाय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी बँकेतून निवृत्त झालो, घरचा रोजमेळ गेली कित्येक वर्षं लिहितो. तुम्ही आकडे दिलेत म्हणून नेमकं बोलता येतं.

तुमचे वार्षिक खर्च मी मिळवले : ३,०४,०००. बाराने भागा, महिन्याला २५,३०० होतात. म्हणजे ६८,६०० पैकी २५,३०० चा पत्ता तुम्ही स्वतःच वर लिहिलाय. फी जूनमध्ये भरली तरी तो खर्च बाराही महिन्यांचा आहे. एक वेगळं बचत खातं ठेवा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी त्यात २५,५०० आपोआप जातील अशी सूचना बँकेला देऊन टाका. फी, विमा, दिवाळी, सहल फक्त त्यातून.

कार्डाबद्दल : खर्च खरेदीच्या तारखेलाच धरायचा. बिल भरणं म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात, तो खर्च नव्हे. नवऱ्याला पाठवलेले पैसेही तसेच. अ‍ॅपमध्ये अशा नोंदींना ‘ट्रान्सफर’ असा प्रकार द्यायची सोय बहुधा असते, ती शोधा.

पण त्याआधी एक काम करा, त्याला एकही नोंद लिहावी लागत नाही. १ एप्रिलला दोघांच्या सगळ्या खात्यांत मिळून किती शिल्लक होती ते पाहा. त्यात वर्षभरात आलेले पगार आणि बोनस मिळवा. त्यातून गुंतवणुकीत गेलेले पैसे आणि ३१ मार्चची शिल्लक वजा करा. कार्डाची थकबाकी वर्षभरात वाढली असेल तर तेवढी रक्कम वर मिळवा, कमी झाली असेल तर वजा करा. जे उरेल तो तुमचा वर्षाचा खर्च, पैशापैशासकट. मेथी की इस्त्री याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आधी हा आकडा हातात येऊ द्या, मग फोड करा. लोक उलटं करतात, फोडीपासून सुरुवात करतात आणि दुसऱ्या आठवड्यात कंटाळून वही बंद करतात.

यूपीआय लाइटमध्ये भरलेली रक्कम सरळ ‘किरकोळ’ म्हणून एकदाच लिहा. त्यात एका वेळी ५,००० च्या वर शिल्लक राहत नाही, तेव्हा महिन्यात ते कितीदा भरलं एवढंच बघायचं. डीमार्टचं बिल फोडत बसू नका. १,००० च्या वरची वस्तू तेवढी वेगळी काढा, बाकी सगळं किराणा.

प्रतिसाद २

नवऱ्याच्या मुद्द्यावर लिहिते, बाकी काकांनी सांगितलंच आहे. आमच्याकडे दोघांना सारखाच हातखर्च ठरलाय. तो ज्याच्या त्याच्या खात्यात जातो आणि त्याचा हिशोब कुणी कुणाला मागत नाही. मित्रांबरोबर जेवण, कुर्ता, पुस्तकं, काहीही करा. संपला की पुढच्या पगाराला. घरखर्चाचं खातं मात्र दोघांचं एकत्र आणि त्यातली प्रत्येक नोंद दोघांना दिसते. रात्रीची विचारपूस आपोआप थांबली. तुमचे पगार कमीजास्त असले तरी हातखर्च सारखाच ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. ज्याचा पगार कमी त्याच्या वाट्याला कमी असं केलं की ते मनात राहतं.

प्रतिसाद ३

एसएमएसची परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपबद्दल सावध राहा. त्याच इनबॉक्समध्ये तुमचे ओटीपी येतात. शिवाय काही बँका छोट्या रकमांचे एसएमएस पाठवतही नाहीत, म्हणजे परवानगी देऊनही हिशोब अपुराच. त्यापेक्षा अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत, म्हणजे तुमच्या संमतीने बँकेतली माहिती अ‍ॅपपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, माहिती घेणारं अ‍ॅप बरं. या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, कोणत्या खात्याची माहिती किती काळासाठी द्यायची ते तुम्ही ठरवता आणि संमती मागे घेता येते. मी मात्र महिन्यातून एकदा बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घेतो, तेवढं पुरतं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलेलं गणित काल रात्री दोघांनी मिळून केलं. गेल्या आर्थिक वर्षात पगार हेच होते. पगार आणि बोनस मिळून २३,२४,०००. एसआयपीत १,८०,०००. सगळ्या खात्यांतली शिल्लक मिळून ६५,००० नी वाढली, आणि कार्डाची थकबाकी १८,००० नी. म्हणजे खर्च २०,९७,०००, महिन्याला जवळजवळ १,७५,०००. त्यातून एसआयपी सोडून ठरलेले खर्च, घरखर्च आणि वार्षिक खर्चाचा बारावा हिस्सा मिळून १,२३,७०० वजा केले तर ५१,००० उरतात.

हा आकडा नवऱ्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर काढला, त्यामुळे मला काही पटवून द्यावं लागलं नाही. त्यानेच लगेच कार्डाची मागच्या तीन महिन्यांची बिलं उघडली. बाहेरून मागवलेलं जेवण आणि शनिवार-रविवारचं हॉटेल मिळून महिन्याला १४,००० च्या वर जातात. ते आम्हाला दोघांनाही पाच हजारांच्या आसपास वाटत होतं. हातखर्च प्रत्येकी ७,००० ठरवलाय, पुढच्या पगारापासून. म्हणजे ५१,००० मधले १४,००० हातखर्चातच गेले. उरलेल्यात घरासाठी ६१,००० चा मेळ बसवायचा तर बोनसही पूर्ण त्यातच टाकावा लागेल आणि सहलही आखडती घ्यावी लागेल. त्यावर अजून बोलणं व्हायचंय.

काका, एक शेवटचं विचारते. वार्षिक खर्चाच्या खात्यात फीच्या आधी एक लाखाच्या आसपास साठलेले असतील. ते साध्या बचत खात्यातच ठेवायचे, की आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) करून फीच्या महिन्यात मुदत संपेल अशी लावायची? विमा, सर्व्हिसिंग आणि दिवाळी वेगवेगळ्या महिन्यांत येतात, म्हणून एकच आरडी पुरेल असं वाटत नाही. तुम्ही स्वतः कसं करता?