उद्या टाकीजवळची जास्वंद तोडू नका हो!

ए ३०२ ताई: चित्रं काढायला येणाऱ्यांनो, उद्या रविवार, सकाळी साडेसहा, पाण्याच्या टाकीजवळची जास्वंद. जाड कागद, पेन्सिल, खोडरबर, जलरंग आणि पाण्याच्या दोन बाटल्या आणा. बाकी सगळ्यांना हात जोडून विनंती, झाडावर दोन-चार फुलं राहू द्या. मागच्या रविवारी आम्ही पानंच काढली.

बी १०४ आजोबा: गणपती तोंडावर आलेत. देवाला तांबडी जास्वंदच लागते. आम्ही साडेपाचला फिरायला निघतो तेव्हाच कळ्या तोडतो, घरी ताटात उमलतात.

ए ३०२ ताई: आजोबा, देवाचं आधी, कबूल. भिंतीकडच्या एका फांदीला निळी लोकर बांधून ठेवते. तेवढी फांदी आमची, बाकी झाड तुमचं.

बी १०४ आजोबा: बरं. जाड बांधा, पहाटे चष्मा नसतो.

सी २०१ भाऊ: कशाला एवढा खटाटोप? मोबाइलवर फोटो काढा नि पंख्याखाली बसीसन रंगवा.

ए ३०२ ताई: करून पाहा भाऊ. मोबाइलमध्ये लाल जास्वंदीचा नुसता भडक गोळा येतो, पाकळीवरच्या शिरा जातात. झाडापाशी बसलं की दिसतं, प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर चढलेली असते. मधल्या दांडीवर पिवळे पराग आणि अगदी टोकाला पाच लाल टिकल्या. मी इतकी वर्षं जास्वंद वाहते, टिकल्या मोजल्या त्या चित्र काढताना. गेटवरच्या बोगनवेलीचंही तेच. रंगीत दिसतात ती पानंच, खरं फूल मधलं बारीकसं पांढरं.

ए ५०१ काका: फोटोला नावं ठेवू नका. आपल्या चाळीसगावचे केकी मूस फोटोही काढायचे आणि चित्रंही.

डी ४०३ वहिनी: ताई, माले तर रेघ बी सरळ काढता येत नही. येऊ का?

ए ३०२ ताई: या की. पेन्सिल हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा आणि फुलाच्या मानाने दांडी केवढी ते मोजायचं. पहिल्या दिवशी तेवढंच पुरे. रंगाची घाई नको, या दमट हवेत पहिला हात लवकर वाळत नाही. ओल्यावर दुसरा दिला की चिखल. मे महिन्यात उलटं, जळगावच्या उन्हात ब्रश फिरवेपर्यंत रंग वाळलेला! आणि पांढरी तगर काढणाऱ्यांनी पांढरा रंग आणू नये. मागची हिरवी पानं रंगवा, फुलापुरता कागद कोरा सोडा.

सी २०१ भाऊ: ती दांडी आणि पराग म्हणता, तसं तर आमना कपाशीना फुलले बी ऱ्हास.

ए ३०२ ताई: असणारच भाऊ, एकाच कुळातली ती. भेंडीसुद्धा.

सी २०१ भाऊ: एवढी वरीसं कपाशी करतो, पण फूल उघडून बघतो ते डोमकळीसाठी. पाकळ्या मिटेल दिसल्या की आत गुलाबी बोंडअळी शे समजायचं. चांगलं फूल दिसलं की पुढच्या झाडावर. पण रंग बदलतो ते माहीत शे. आज पिवळसर पांढरं, उद्या गुलाबी.

ए ३०२ ताई: अहो मग एकाच झाडावर दोन्ही रंग मिळतील! उद्याची जास्वंद होऊ द्या, पुढच्या रविवारी तुमच्या वावरात येऊ का?

ए ५०१ काका: भाऊ, आता फोटो पाठवून सुटका नाही.

सी २०१ भाऊ: या ना. फुलं तोडू नका फक्त, तितकी बोंडं जातील. गाडीत चार जण बसतील. चिखल शे, चांगल्या चपला घालू नका.

डी ४०३ वहिनी: फवारणी कधी शे ते आधी सांगा.

सी २०१ भाऊ: पुढच्या शनिवारी करणार व्हतो. आता तुम्ही येऊन गेल्यावर सोमवारी करतो.