मदत हवी आहे: वर्षाचा मालवणी मसाला पावसाळ्यात टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी. मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीतून मालवणी मसाला करून आणला. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटपणाला, शिवाय धणे, दगडफूल, नागकेशर वगैरे. सगळं सासूबाईंच्या मापाने, तिथेच भाजून डंकावर कुटलेलं.

पूर्वी चाळीत चिनीमातीची बरणी पोटमाळ्यावर असायची, कधी तक्रार नव्हती. आता वडाळ्याच्या फ्लॅटमध्ये पोटमाळा नाही, बरणी ओट्याखालच्या ट्रॉलीत आणि शेजारी सिंकचा पाइप. जुलै लागल्यापासून मसाल्याला गाठी धरतायत. बुरशी दिसत नाही, वासही खमंग आहे, पण रंग थोडा उतरल्यासारखा वाटतो.

सासूबाई म्हणतात, खडा हिंग घाल, तोंडाला फडकं बांध आणि ओला चमचा लावू नकोस. जाऊबाई म्हणतात, छोटी पाकिटं करून फ्रीजरमध्ये टाक. फ्रीजरचं नाव काढलं की सासूबाईंचा चेहरा बदलतो; आणि खरं सांगायचं तर तो बोंबील-कोलंबीने आधीच भरलाय, तोही त्यांनीच भरलेला!

फ्रीजरमधून काढल्यावर मसाल्याला दमटपणा येतो का? गाठी झालेला मसाला मंद आचेवर कोरडाच परतला तर चालेल, की जळका वास येईल? उन्हाचा तर सध्या भरवसा नाही. ज्यांच्याकडे खरंच वर्षभर टिकतो त्यांनी बरणी कुठे ठेवता तेही सांगा. गणपतीला गावी जाताना यातलाच मसाला न्यायचाय.