'पांडुरंग बघून घेईल' म्हणणाऱ्या वडिलांना काय सांगायचं?

सीनाकाठची
माझं माहेर माढा तालुक्यात, सीनेच्या काठावर. सप्टेंबर 2025 च्या पुरात आमचं चार एकर सोयाबीन गेलं. पीक गेल्याचं एक वेळ सोसलं असतं, पण दीड एकराची मातीच वाहून गेली, खालचा मुरूम उघडा पडलाय. सोसायटीचं कर्ज थकलंय, यंदा पीकविमा भरलेला नव्हता. उरलेल्या रानात काय टाकायचं, माती कुठून आणायची, धाकट्याच्या शिक्षणाचं काय, काही म्हणजे काही ठरत नाही.

मी पुण्यात असते, दिवसातून दोन-तीनदा फोन करते. वडील सदुसष्टचे, चाळीस वर्षांचे माळकरी. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर येतं: "पांडुरंग हाय की. बघून घेईल." आता कार्तिकीला पायी निघायचं म्हणतायत.

मी देव मानते. पण हा विश्वास आहे की निर्णय टाळायची सोय? मला सोय वाटते. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. शिव्या घातल्या तरी चालेल.

जुना_नास्तिक
सोयच आहे. मी औसा तालुक्यातला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, नाचून दमलेली माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला घरं अंगावर आली. हजारो गेले. 'बघून घेईल' म्हणणारे त्यांच्यातही असतीलच की.

इंद्रायणीचा_गोटा
हा मुद्दा दरवेळी येतो. भूकंपाचं कुणालाच आधी कळत नाही, नास्तिकालाही नाही. मग दोष विश्वासाला कसा?

जुना_नास्तिक
भूकंप कळत नाही, कबूल. पण दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं ओझं घेतलेलं माळवद, हे तर रोज डोळ्यांसमोर होतं. माणसं मेली ती बहुतेक त्याखाली. माझं म्हणणं एवढंच की उद्याचं सगळंच अंधारात नसतं. त्यातलं जे दिसतंय तेही देवाच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं, याला मी सोय म्हणतो. धागाकर्तीच्या वडिलांना विमा भरायची तारीख माहीत नव्हती का?

मुरूम_माती
विम्यावर थोडं. 2023 पासूनची एक रुपयातली योजना 2025 च्या खरिपाला बंद झाली, शेतकऱ्याला पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता आला. त्याहून मोठा बदल असा की शेत पाण्याखाली गेलं म्हणून 72 तासांत कळवायचं आणि वैयक्तिक नुकसान मिळवायचं, ती सोय यंदा काढून टाकली. यंदा सगळं महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या, म्हणजे काही निवडक शेतांतलं पीक कापून मोजतात त्याच्या, सरासरीवर. त्यामुळे हप्ता भरला असता तरी लगेच काही हातात पडलं असतं असं समजू नका. माणूस देवाकडे वळतो तेव्हा बाकी कुणाकडे वळून झालेलं असतं, हेही बघा.

रब्बीचं विचारलंत तर शाळू (रब्बी ज्वारी) टाकायला आता उशीर झाला. वाफसा (पेरणीजोगी ओल) येईल तसा हरभरा टाका, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. खरडलेल्या जमिनीला सरकारने हेक्टरी 47 हजार जाहीर केलेत, पंचनाम्यात 'खरडून गेली' असाच शेरा आहे ना ते तलाठ्याकडे जाऊन बघा. नुसतं 'पीक नुकसान' लिहिलं असेल तर गडबड होईल.

इंद्रायणीचा_गोटा
मुरूम_माती यांना नमस्कार, कामाचं लिहिलंत. मी मूळ प्रश्नावर येतो.

'ठेविले अनंते तैसेचि राहावे' ही ओळ आपण आळशी माणसाच्या तोंडी घालतो. ती ज्याची आहे त्याने 1630 चा दुष्काळ भोगलाय. सावकारी बुडाली, बायको अन्नावाचून गेली. आणि परंपरा सांगते ती गोष्ट नीट ऐका. कर्जखतं इंद्रायणीत बुडवायची ठरली तेव्हा तुकोबांनी भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची निम्मी कागदं काढून दिली. बुडवली ती आपल्या वाट्याची. देवावर भार टाकला तो स्वतःपुरता, भावाच्या पोटावर पाय देऊन नाही. म्हणून वडिलांना विचारायचं असेल तर असं विचारा, की तुमच्या वाट्याचं तुम्ही पांडुरंगावर सोडलंत, ते ठीक. आईच्या आणि धाकट्याच्या वाट्याचं काय?

जुना_नास्तिक
हे पटलं. (तारीख लिहून ठेवा.) नवसाने पोरं होत असतील तर नवरा कशाला करायचा, असं विचारणारेही तेच.

वसईकर_भाजीवाला
आमच्याकडे चर्चमध्ये ऐकत आलो, आकाशातल्या पाखरांकडे पाहा, ती पेरत नाहीत, कोठारात साठवत नाहीत. आजोबा हे ऐकून रविवारी घरी यायचे आणि संध्याकाळी वाडीला पाणी लावायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, पाखरू तरी घरट्यात बसून राहतं का? पंडिता रमाबाईंचं बघा. भरवसा पूर्ण देवावर. पण 1896-97 च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या, आणि केडगावला त्यांच्यासाठी विहिरी खोदल्या, छापखाना घातला. नुसता भरवसा पुरला असता तर विहीर कशाला हवी होती?

जुना_नास्तिक
मग विहीरच पुरते, भरवसा कशाला?

पहाटेचे_तीन
याचं मी सांगते. दोन वर्षांपूर्वी गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत करण्यासारखं काहीही नव्हतं. विहीर खोदायला जागाच नाही. रात्री तीनला जाग यायची आणि पोरांची लग्नंसुद्धा माझ्याविना लागायची. देव मला 'सगळं ठीक होईल' असं म्हणाला नाही. पण 'आता हे तुझ्याकडे' म्हटल्यावर चारेक तास झोप लागायची.

जुना_नास्तिक
चार तास झोपेला गोळी मिळते, ताई.

पहाटेचे_तीन
गोळी घेऊनच चार तास. तिच्याशिवाय दोन.

जुना_नास्तिक
बरं, माघार.

इंद्रायणीचा_गोटा
रिपोर्ट काय आला ते नाही सांगितलंत.

पहाटेचे_तीन
मुद्दाम नाही सांगितलं. चांगला आला म्हटलं तर तुम्ही देवाला मार्क देणार, वाईट म्हटलं तर ते कापणार.

सीनाकाठची
सगळ्यांचे आभार. काल वडिलांशी बोलले. 'आई आणि धाकट्याचं काय' हे इंद्रायणीचा_गोटा यांनी सुचवलं तसंच विचारलं. आधी गप्प बसले, मग चिडले.

विमा विसरले नव्हते. आधीच्या एका वर्षी भरला होता, निम्मं पीक गेलं तेव्हा खात्यावर सहाशे रुपये आले. ते सांगायची त्यांना लाज वाटली. हरभऱ्याचं बी आईने पत्र्याच्या डब्यात कधीचं काढून ठेवलंय, वाफशाची वाट बघतायत. तलाठ्याकडे दोन चकरा झाल्या, शेरा बरोबर आहे. म्हणजे ठरत सगळं होतं, मला तेवढं कळत नव्हतं.

मी म्हटलं, मग सांगत का नाही? तर म्हणाले, "तू दिसातनं तीनदा फोन करतीस. माती कुठनं आणणार, पुढल्या साली काय हुणार, मला तरी काय ठावं हाय? काय सांगू तुला? पांडुरंग म्हटलं की तू फोन ठिवतीस."

मातीचं मात्र खरंच काही ठरलेलं नाही. तलावातला गाळ उन्हाळ्यात मिळेल म्हणतात, पण वाहतुकीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न आहेच. मुरूम_माती, दीड एकराला किती ट्रॉल्या लागतील, काही अंदाज?

मुरूम_माती
थर किती हवा त्यावर आहे. मुरूम किती खोल उघडा पडलाय ते काठी रोवून बघायला सांगा, फोटो टाका. वडील कार्तिकीहून आले की.