आठवीतला पोरगा वाचतच नाही, व्हीआर गेमवर (डोळ्यांवर हेडसेट घालून खेळतात ते) काही सोपं पुस्तक आहे का?

मधुरा_ठाणे: मुलगा आठवीत आहे, पुस्तक म्हटलं की याच्या पोटात दुखतं. मागच्या महिन्यात मॉलमध्ये हेडसेट घालून दहा मिनिटं धनुष्यबाण मारले आणि घरी येईपर्यंत तोंड बंद नाही, मग वाटलं याच विषयावरचं पुस्तक दिलं तर? ऑनलाइन बघून 'रेडी प्लेयर वन' मागवलं, तीन पानं वाचली आणि आता त्याला मोबाइल टेकवून व्हिडिओ बघतो. इंग्लिश मीडियम आहे तरी इंग्लिशचाही तेवढाच कंटाळा. सोपं हवंय पण बाळबोध नको, नाहीतर 'मी काय पहिलीत आहे का' ऐकावं लागेल.

खडूस_काका: अहो ताई, पहिल्यांदा ट्रेकला आलेल्याला नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर नेलंत की! जाडजूड पुस्तक आहे ते, 2011 चं, आणि निम्मी मजा 80 च्या दशकातल्या अमेरिकन गेम्स-सिनेमांची. आम्ही व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी उडवलेले लोक खूश होतो, तुमच्या पोराला पॅकमन म्हणजे आजोबांचा गेम. राहू द्या कपाटात, दोन वर्षांनी बघा.

पानवाली: शाळेच्या लायब्ररीत कामाला आहे म्हणून सांगते, ही मुलं पुस्तक उघडायच्या आधी अंगठ्याने पानं फर्रर्र करून बघतात आणि जाड वाटलं की परत रॅकवर, आत काय आहे तो प्रश्नच येत नाही. ख्रिस ब्रॅडफर्डचं 'गेमर' बघा. स्कॉट म्हणून रस्त्यावर राहणारा मुलगा, त्याला व्हर्च्युअल कॉम्बॅट नावाच्या मारामारीच्या गेमचा टेस्टर व्हायचंय. बारीकसं आहे. मूळच्या एडिनबराच्या बॅरिंग्टन स्टोक प्रकाशनाचं आहे, ते 1998 पासून असलीच पुस्तकं काढतात, विषय मोठ्या मुलांचा आणि वाक्यं सोपी, कागद पिवळसर, अक्षरं सुटी, डिस्लेक्सियावाल्या (वाचायला अवघड जातं त्या) मुलांनाही जमावं म्हणून. वरून ते 'सोपं' पुस्तक आहे हे कळत नाही, ते फार महत्त्वाचं, मित्रांसमोर लाज नाही वाटत. आणि वाचल्यावर 'काय शिकलास?' अजिबात विचारू नका प्लीज.

लॉगआउट_होईना: 'सोर्ड आर्ट ऑनलाइन'ची मांगा (जपानी कॉमिक) पण चालेल, हेल्मेट घालून गेममध्ये गेलेले लोक अडकतात, लॉगआउटचं बटणच गायब आणि गेममध्ये मेलं की खरोखर मेलं. उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं त्यामुळे पोरांना ते पुस्तक वाटतच नाही 😄 पण काही सीन 13 वर्षांच्या मुलाला नकोत, आधी स्वतः चाळा.

त्यातलं हेल्मेट थेट मेंदूशी बोलतं, खरा हेडसेट फक्त डोळ्यांना फसवतो, दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवून. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र कळत असतं की आपण एका जागी उभे आहोत, म्हणून काहींना मळमळतं. विचारा त्याला गरगरलं का, गप्पा तिथून सुरू होतील.

खडूस_काका: गॉगल घातला की सिनेमात शिरायचं, चव-वास सगळं, अशी गोष्ट स्टॅनली वाइनबॉम या अमेरिकन लेखकाने 1935 मध्ये लिहून ठेवलीय! भाषा जुनी आहे, त्याला वाचायला देऊ नका, जेवताना तुम्हीच सांगा.

मधुरा_ठाणे: 'गेमर' मागवलं, थँक्स पानवाली. गरगरलं का विचारलं तर म्हणे नाही, पण हेडसेट काढल्यावर थोडा वेळ स्वतःचे हात खोटे वाटत होते. हे कशामुळे होतं, लॉगआउट दादा?